हिनर्कला बसवेना

जहाज हाम्बुर्गहून सुटून नऊ दिवस झाले होते, आणि सातव्या मजल्यावरच्या डेकची एक फेरी चारशे दहा पावलांची आहे हे हिनर्क लुएर्सने आतापावेतो बारा वेळा मोजून पक्कं केलं होतं. वारा समोरून असला की चारशे अठरा.

पहाटे पाचला त्याला जाग यायची. एल्बे नदीवरच्या फेरीबोटीत एकेचाळीस वर्षं इंजिनावर काढलेला माणूस तो. इकडच्या काठावरून मोटारी, ट्रक, सायकलवाले चढवायचे, पंचवीस मिनिटांत पलीकडे उतरवायचे, तिकडचे घेऊन परत यायचं. पहिली खेप साडेपाचची. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, पण ही बातमी त्याच्या शरीराला कुणी दिलीच नव्हती. डोळे उघडले की तो अंधारात चाचपडत कपडे चढवायचा आणि दार हळूच ओढून बाहेर पडायचा. हळू कितीही ओढलं तरी गेशेला कळायचंच.

गेशे त्याची बायको. गावातल्या बेकरीच्या काउंटरमागे ती तीस वर्षं उभी होती. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत, पायांच्या शिरा फुगेपर्यंत. आता तिला बसायचं होतं. समुद्राकडे तोंड करून, पाय वर घेऊन, कुणालाही पाव कापून न देता. तिचं म्हणणं एवढंच होतं.

या प्रवासाची गोष्ट तशी जुनी. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा डेन्मार्कला जायचं ठरलं होतं. गाडीत बॅगा ठेवून झाल्या, आणि फोन आला की दोन नंबरच्या बोटीचं बेअरिंग गेलंय. "तासाभरात आलो," म्हणून हिनर्क गेला तो तिसऱ्या दिवशी उगवला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नदी गोठली होती. पाहुणे आले, केक कापला, नवऱ्याची खुर्ची रिकामी. त्यानंतर गेशेने सुट्टीचं नाव काढलं नाही. भांडलीही नाही. फक्त हिनर्क निवृत्त झाला त्या संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड माहितीपत्रक ठेवलं.

"एकशेचोवीस दिवस," ती म्हणाली. "पृथ्वीला फेरी. भर समुद्रात तुला कुणी फोन करणार नाही."

हिनर्कने पानं चाळली. जहाजाच्या इंजिनांबद्दल काय लिहिलंय ते शोधलं. दोन ओळी होत्या. तो "बरं" म्हणाला.

पहिला आठवडा नव्या नवलाईत गेला. खराब हवामान, उलट्या, मग मदेइरा बेट, मग ऊन. आणि त्यापुढे अटलांटिक लागला, सात दिवस नुसतं पाणी. जहाजावर दिवस कसे जातात हे जहाजावर गेलेल्यालाच ठाऊक. आदल्या संध्याकाळी दाराखालून दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सरकवलेला असतो. आठला व्यायाम, साडेनवाला व्याख्यान, दहाला गाण्याचा वर्ग, अकराला प्रश्नमंजूषा. बाराला कप्तानाचा आवाज येतो: आपण अमुक ठिकाणी आहोत, खाली पाणी पाच हजार मीटर खोल आहे. मग जेवण. साडेतीनला कॉफी आणि केक. सहाला पुन्हा जेवण. मधल्या वेळात आरामखुर्च्यांवरून तंटे. न्याहारीच्या आधीच येऊन टॉवेल टाकून जाणारे एकीकडे आणि तो टॉवेल उचलून घडी घालून बाजूला ठेवणारे दुसरीकडे. दोन्ही बाजूंची माणसं संध्याकाळी एकमेकांशी बोलत नसत. दर दोनतीन दिवसांनी घड्याळ एक तास मागे करायचं. इतरांना त्याचा आनंद, जास्त झोप मिळाली म्हणून. हिनर्कला वाटायचं, आधीच दिवस सरत नाही, त्यात हे आणखी एक तास देतात.

गेशे सगळं अगदी मनापासून करायची. गाण्याच्या वर्गात जायची. पिसं फुलवून पसरलेल्या कोंबडीसारखी खुर्चीत बसायची आणि दोन-दोन तास पाण्याकडे बघायची. हिनर्क तिच्या शेजारी बसायचा, पाच मिनिटांनी उठायचा, कठड्याला हात लावायचा, रंगाखाली गंज आहे का ते नखाने खरवडून बघायचा.

"काय दिसतं तुला त्यात?" त्याने एकदा विचारलं. म्हणजे समुद्रात.

"काही नाही."

"मग?"

"मग काय? काही नाही दिसत, म्हणूनच बघते. तीस वर्षं माझ्यासमोर कुणी ना कुणी उभं होतं."

त्याने दोनदा स्वागतकक्षात जाऊन इंजिनघर बघायला मिळेल का असं विचारलं. सुरक्षेच्या कारणास्तव नाही, असं हसून सांगण्यात आलं. तेव्हा तो चौथ्या मजल्याच्या मागच्या टोकाला, कपडे धुण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसू लागला. तिथे तळव्यांतून इंजिन नीट कळायचं. चारातलं एक बंद ठेवलंय, आता दुसरं चालू केलं. कपडे घेऊन रांगेत उभ्या बायकांना वाटायचं, बिचारा बायकोची चादर सुकायची वाट बघतोय.

सतराव्या दिवशी त्याला फ्राउ व्युब्बेना भेटली. म्हणजे आधी तिचा वॉकर भेटला. ती शहाऐंशी वर्षांची बाई, लेअर गावची, एकटीच आलेली. चार चाकांचा वॉकर ढकलत यायची, आणि त्याचं पुढचं उजवं चाक असं किंचाळायचं की लायब्ररीत लोक माना वर करायचे. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर ती या दोघांच्या शेजारीच बसू लागली. स्वतःचा चहा बरोबर आणलेला, स्वतःची खडीसाखर. जहाजावरच्या चहाला ती भांडी विसळल्याचं पाणी म्हणायची.

"फ्राउ व्युब्बेना," हिनर्क म्हणाला, "ते चाक मी बघू का?"

"बघा की. पण परत द्या. त्याच्याशिवाय मी पलंगापासून संडासापर्यंत जात नाही."

त्याने बटर लावायची सुरी आणि गेशेची नखं घासायची कानस घेतली. आसात केस आणि दोरे गुंडाळले गेले होते. वीस मिनिटांत ते काढून, जेवणघरातून मागून आणलेल्या तेलाचे दोन थेंब सोडून त्याने वॉकर परत केला. फ्राउ व्युब्बेनाने वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत ढकलत नेला आणि परत आणला. आवाज नाही.

"आता मी आलेली कुणाला कळणार नाही," ती म्हणाली. "लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते पहिल्यांदाच ऐकायला मिळेल."

बाराशे प्रवाशांत दीडशेतरी वॉकर होते. बातमी पसरायला एक दुपार पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिनर्क कॉफी घेत असताना त्याच्यापुढे तिघं उभी. एकीचा ब्रेक लागत नव्हता, एकाच्या चष्म्याची दांडी निघाली होती, तिसऱ्याच्या बॅगेची चेन अडकली होती. पनामा येईपर्यंत टेबल नंबर चौदा हे त्याचं दुकान झालं. त्याच्या हाताला काम मिळालं आणि चेहऱ्यावर रंग चढला. हॉटेल विभागाचे प्रमुख हेर क्नॉर येऊन सौम्यपणे म्हणाले, "हेर लुएर्स, जबाबदारीचा प्रश्न येतो हो, तुम्ही पाहुणे आहात." तिसऱ्या दिवशी तेच स्वतःच्या घड्याळाचा पट्टा घेऊन आले, आणि जाताना जहाजाच्या भांडारातून एक छोटी पेचकसांची पेटी ठेवून गेले.

प्रशांत महासागर लागला तेव्हा केबिन भरून गेली होती. न्हाणीघरात सुटी चाकं, खिडकीत श्रवणयंत्रं, गेशेच्या उशीशी कुणाचंतरी गुडघ्याचं पट्ट्यांचं यंत्र. रात्री दिवा घालवला की अंधारात कुठेतरी कुणाचं घड्याळ टिकटिकायचं.

"हिनर्क," गेशे एकदा छताकडे बघत म्हणाली, "आपल्या घरामागे एक खोली आहे. तिच्यात तू शनिवारी जायचास आणि सोमवारी निघायचास. आठवते?"

"वर्कशॉप."

"त्या खोलीपासून मला पंधरा हजार किलोमीटर लांब जायचं होतं. आणि ती माझ्या न्हाणीघरात येऊन बसली."

"लोकांची अडचण होते गं."

"लोकांची होतेच नेहमी."

आपण कुणाचंतरी भलं करतोय आणि घरच्यालाच ते खुपतंय, असं काहीसं त्याच्या मनात आलं. त्याला ते बोलता आलं नाही आणि झोपही आली नाही.

राइआतेआ बेट यायच्या आदल्या दिवशी मात्र त्याने कबूल केलं. जहाज सकाळी आठला तिथल्या धक्क्याला लागणार, संध्याकाळी पाचला निघणार. गावामागे एक टेकडी आहे, वर पायवाट जाते, वरून सगळी खाडी दिसते. फक्त दोघांनी जायचं, बरोबर पाव आणि चीज न्यायचं, खाली यायची घाई करायची नाही.

"उद्या दुकान बंद," तो म्हणाला. फ्राउ व्युब्बेना साक्षीला होती.

सकाळी नऊला दोघं केबिनबाहेर पडले आणि लिफ्टपाशी कासेलचे एक गृहस्थ आपल्या विजेवरच्या चाकखुर्चीत अडकून बसलेले. बायको मागून ढकलत होती. खुर्ची सव्वाशे किलोची. ढकलून ढकलून ती रडकुंडीला आली होती. मोटार चालेना, आणि मोटार चालली नाही तर त्यांना बेटावर उतरता येणार नव्हतं.

हिनर्कने गेशेकडे पाहिलं नाही. खुर्चीकडे पाहिलं. "तार सुटली असेल," तो म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम आहे. तू हो पुढे, धक्क्यापाशी बस जरा. आलोच मी."

"बरं," गेशे म्हणाली. तिने त्याच्या हातातली पाव-चीजची पिशवी घेतली आणि जिना उतरून गेली.

तार सुटली नव्हती. आत खारं पाणी जाऊन सगळं हिरवं पडलं होतं. खुर्ची चालू झाली तेव्हा अडीच वाजले होते. कासेलच्या गृहस्थांनी हिनर्कचा हात दोन्ही हातांत धरला, बायकोने गालाला गाल लावला, आणि दोघं घरघरत धक्क्यावर उतरले. हिनर्क हात धुऊन बाहेर आला. धक्क्यावर गेशे नव्हती. त्याने गावातल्या रस्त्याने एक चक्कर मारली, बाजार बघितला, चर्चपर्यंत गेला. टेकडीच्या पायवाटेशी येऊन थांबला. आता वर जावं तर ती दुसऱ्या वाटेने खाली यायची आणि चुकामूक व्हायची. ती जहाजावरच गेली असेल, रागावून खुर्चीत बसली असेल, असं स्वतःला सांगत तो परतला.

खुर्चीत ती नव्हती. केबिनमध्ये नव्हती. गाण्याच्या वर्गात नव्हती.

साडेचारला सगळ्यांनी वर यायची वेळ झाली. पावणेपाचला ध्वनिक्षेपकातून आवाज आला, "फ्राउ गेशे लुएर्स, केबिन सहा हजार दोनशे चौदा, कृपया स्वागतकक्षाशी संपर्क साधावा." पाच मिनिटांनी पुन्हा. हिनर्क केबिनमध्ये उभा होता. आपल्या बायकोचं नाव असं भिंतीतून ऐकायची त्याला सवय नव्हती. फेरीवर असताना शेवटच्या क्षणी धापा टाकत येणाऱ्यांकडे बघून त्याने किती वेळा फळी वर घेतली होती. "वेळ म्हणजे वेळ," असं म्हणायचा. धक्क्यावर हात हलवत राहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हा विचार पाणी मागे पडलं की संपायचा.

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तिचा निळा स्वेटर, दोन टूथब्रश, चार कपडे. बॅग भरायला त्याला तीन मिनिटं लागली. खाली दाराशी सुरक्षा अधिकारी बाई उभी होती, हातात यादी.

"आम्ही दहा मिनिटं थांबू शकतो, हेर लुएर्स," ती म्हणाली. "त्यापुढे नाही. आमचा बंदरावरचा माणूस त्यांची सोय करील. तुम्ही काळजी करू नका. सहा दिवसांनी ऑकलंडला भेट होईलच."

"पासपोर्ट द्या."

"त्यांचा आम्ही त्या माणसाकडे देतोच आहोत."

"दोन्ही द्या. माझाही."

"तुम्ही उतरलात तर पुढच्या बंदरापर्यंत तुमची जबाबदारी तुमच्यावर. विमान, राहणं, सगळं."

"हो."

"म्हणजे तुम्ही राहिलात तरी काही बिघडत नाही, एवढंच म्हणतेय मी."

हिनर्कने हात पुढे धरून ठेवला. तिने लाल रंगाचे दोन पासपोर्ट त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याच्या पायांकडे बघितलं. तो केबिनमधल्या सपाता घालूनच उतरत होता. पण आता परत वर जायला वेळ नव्हता.

शिडी वर गेली. जहाजाचा भोंगा तीनदा वाजला, दोरखंड सुटले. धक्का आणि जहाज यांच्यामधली पाण्याची पट्टी हातभर झाली, मग पुरुषभर, मग घरभर. असा हा देखावा त्याने आयुष्यात हजारो वेळा बघितला होता, पण नेहमी तिकडून. कठड्याशी माणसांची रांग होती. कुणी त्याला बेटावरचाच समजून हात हलवत होतं. सातव्या मजल्यावर फ्राउ व्युब्बेना वॉकरला टेकून काहीतरी ओरडत होती. शब्द पोचला नाही.

बंदरावरचा माणूस, एक लठ्ठ, शांत गृहस्थ, दोनतीन फोन करून म्हणाला की पोलिसांना सांगितलंय, बेट लहान आहे, इथे कुणी हरवत नाही. त्याने नारळाचं पाणी आणून दिलं. हिनर्क दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसला. मग उठला. मग धक्क्याच्या टोकापर्यंत गेला आणि आला. ती कुठेतरी पडली असेल. पायाच्या शिरा. ऊन. आज सकाळच्या गोळ्या घेतल्या होत्या का? त्याला आठवेना. तिने जिना उतरताना मागे वळून बघितलं होतं का, तेही आठवेना, कारण तो तेव्हा खुर्चीखाली वाकला होता.

सहा वाजून गेल्यावर रस्त्याच्या वळणावर ती दिसली. सावकाश चालत होती. बूट हातात, पाय अनवाणी, पिशवी रिकामी. त्याला बघून ती थांबली.

"तू इथे कसा?"

"जहाज गेलं," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"कुठून?"

तिने हनुवटीने टेकडी दाखवली.

हिनर्कला तिला हात लावून बघायचं होतं, पण तो तसाच उभा राहिला. "भोंगा ऐकू आला नाही तुला?"

"आला. तिन्ही वेळा. घड्याळही होतं हातात." ती त्याच्या शेजारच्या खुंटावर बसली. "चारला उठायचं म्हटलं. मग सव्वाचार झाले. म्हटलं, कशाला. कुणावाचून काय अडतंय ते तरी बघू. वरून जहाज हे एवढं दिसतं. शिडी वर घेतली तेव्हा कुणीतरी एक उतरलेलं दिसलं. मला वाटलं, त्यांचाच कुणी माणूस असेल."

"तुला वाटलं, मी जाईन?"

"हो."

"तुला इथे ठेवून?"

"मला वाईट नव्हतं वाटत, हिनर्क. तेच तर. मी बसले होते आणि मला वाटत होतं, तो त्या चाकांबरोबर जाईल, ऑकलंडला भेटेल, म्हणेल अर्ध्या तासाचं काम होतं. आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं." तिने पाय पुढे केले. "आता वाटतंय. पाय बघ माझे, सुजलेत."

त्याने बॅगेतून गोळ्या काढून दिल्या आणि उरलेलं नारळपाणी. तिने गोळी घेतली, मग त्याच्या पायांकडे बघितलं.

"सपातांत आलास?"

"घाई होती."

ती हसली नाही, पण तिने स्वेटर घातला आणि त्याच्या दंडाला धरून उठली.

ताहितीला जायचं छोटं विमान आणि तिथून ऑकलंडचं, असा मेळ बसायला चार दिवस होते. बंदरावरच्या माणसाने त्यांची सोय आपल्या मावशीकडे केली. मादाम तेउरा नावाची विधवा बाई, घरामागे दोन खोल्या प्रवाशांना द्यायची. तिला जर्मन येत नव्हतं, यांना फ्रेंच येत नव्हतं. ती भाजलेले मासे, उकडलेले कंद आणि पपई पुढे ठेवायची आणि संपेपर्यंत समोर बसून राहायची.

ते चार दिवस हिनर्कला जहाजावरच्या चाळीस दिवसांहून जड गेले. ना डेक, ना फेरी, ना कार्यक्रमाचा कागद. आणि परसात पाण्याचा पंप होता. दर तासाला तो सुरू व्हायचा आणि म्हाताऱ्या कुत्र्यासारखा कण्हायचा. पहिल्या दिवशी पंप कण्हला की हिनर्कची मान आपोआप तिकडे वळायची, आणि तो ती हाताने वळवल्यासारखी परत आणायचा. दुसऱ्या दिवशी तो हात मांड्यांखाली घेऊन बसला. गेशे सगळं बघत होती आणि काहीच म्हणत नव्हती. तिला गप्प बसून त्याला थोडं तळमळू द्यायचं होतं, हे तिने पुढे कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "कुठे बिघडलंय?"

"कशाचं?"

"सोंग नको करू. पंपाचं."

"वॉशर झिजलाय. हवा ओढतोय."

"तुला इथे बसून कळतं?"

"आवाजावरून."

गेशे उठली. त्याला वाटलं, झालं, आता ती खोलीत जाऊन दार लावेल. ती म्हणाली, "चल, दाखव मला."

"तुला?"

"अडतीस वर्षं झाली. बेअरिंग गेलं, वॉशर गेला, शाफ्ट गेला. मी नुसती नावं ऐकलीत. कुणाकुणापायी मेल्या माझ्या सुट्ट्या, ते एकदा बघू दे तरी."

मादाम तेउराने मयत नवऱ्याची अवजारं काढून दिली. गेशे उलट्या बादलीवर बसली. हिनर्कने पंप उघडला, झिजलेला रबराचा गोल काढून तिच्या हातावर ठेवला. ती तो बोटांत फिरवून बघत राहिली. "एवढासा?" म्हणाली. मग त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबमधून नवा कापला. तिने कातरी धरली, तिची कापणी त्याच्यापेक्षा सरळ आली. तीस वर्षं केक कापलेले हात. काम करता करता तो बोलत होता, हे इथून येतं, तिकडे जातं, हवा शिरली की बिचारं उगाच धडपडतं, पाणी काही येत नाही. बोलता बोलता तो मधेच थांबला.

"काय झालं?" गेशेने विचारलं.

"त्या डेन्मार्कच्या वेळी," तो पंपात बघतच म्हणाला, "नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी रात्री बसवून झालं होतं. दुसऱ्या दिवशी मला यायला हरकत नव्हती."

"मग?"

"घरी आलो असतो तर तू रागावलेली असतीस. तिकडे सगळे शाबास म्हणत होते."

पंपातून पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. गेशेने कातरी पुसली आणि खाली ठेवली.

"मी रागावले नव्हते," ती म्हणाली. "मी बॅगा परत घरात आणून ठेवल्या आणि रडले. रागवायला कुणीतरी समोर लागतं."

त्या रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपली. चौथ्या दिवशी मात्र त्याच्याबरोबर टेकडीवर आली. पाव-चीज नव्हतं, मादाम तेउराने केळीच्या पानात काहीतरी बांधून दिलं होतं. वर पोचल्यावर हिनर्क दहा मिनिटं बसला, मग उठून फिरू लागला. "बस," असं गेशे म्हणाली नाही. तो तिच्याभोवतीच फिरत होता, लांब गेला नाही.

ऑकलंडला जहाज धक्क्याला लागलं तेव्हा दोघं तिथे आधीच हजर होती. फ्राउ व्युब्बेनाने जेवणाच्या टेबलावरच्या त्यांच्या दोन खुर्च्या सहा दिवस कुणाला बसू दिल्या नव्हत्या. एका खुर्चीवर पर्स ठेवायची आणि दुसरीवर चहाचा डबा.

"लोक म्हणत होते, तुम्ही पळून गेलात," ती म्हणाली. "मी म्हटलं, या वयात पळता येत नाही. फार तर मागे राहता येतं."

केबिनमध्ये सगळी चाकं होती तशीच होती. त्या संध्याकाळी हिनर्कने ती एकेक करून ज्याची त्याला नेऊन दिली, काही दुरुस्त, काही तशीच. टेबल नंबर चौदावर सकाळी दहा ते साडेअकरा एवढाच वेळ बसायचा असं ठरलं, आणि ठरवलं हेर क्नॉरनी नव्हे, गेशेने. ती स्वतः शेजारी बसायची. कोण आला, काय बिघडलं, ती विचारून घ्यायची. तिला गिऱ्हाईक हाताळायची सवय होती. साडेअकरावर एक मिनिट झालं की ती पेटी बंद करायची, समोर कुणीही उभं असो. एकदा एका निवृत्त न्यायाधीशाला तिने श्रवणयंत्रासकट परत पाठवलं.

सगळं गोड झालं असं नाही. सिडनीनंतर एकदा त्याने चोरून कुणाचं तरी घड्याळ केबिनमध्ये आणलं आणि दोन दिवस अबोला झाला. हिंदी महासागरात सलग नऊ दिवस जमीन नव्हती, तेव्हा तो पुन्हा पहाटे पाचला डेकवर चकरा मारू लागला. पण आता गेशेही कधीकधी उठायची. तिच्या चालीने चारशे दहाची फेरी पाचशेवर जायची आणि वेळ दुप्पट लागायचा. तो पुढे जायचा, थांबायचा, मागे यायचा. दुपारी तो तिच्या शेजारी खुर्चीत बसायचा. चैन त्याला तिथेही पडत नसे. पण पूर्वी तो बेचैन झाला की उठून जायचा, आता बसल्या जागी बेचैन असायचा. गेशेच्या मते हा मोठाच फरक होता. हिनर्कला फारसा जाणवत नव्हता.

मे महिन्यात, बिस्केच्या उपसागरात, हाम्बुर्ग तीन दिवसांवर आलं असताना हेर क्नॉर टेबलापाशी आले. पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू झाली होती. जुन्या पाहुण्यांना आधी विचारायची पद्धत होती.

"नको," गेशे म्हणाली. "भरपूर पाणी बघितलं. आता मला माझ्या खिडकीशी बसायचंय."

हेर क्नॉर हसून पुढच्या टेबलाकडे गेले. हिनर्क त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

"का गं?" त्याने विचारलं.

"का म्हणजे? तुला यायचंय परत?"

"यायचंय असं नाही. पण घरी जाऊन करायचं काय?"

गेशेने कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला. "ते घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली. "आत्ता तो पाय हलवायचं थांबव. कॉफी सांडतेय."